नाजूक जागेची जखम पुन्हा उठली, तर दवाखान्यात जाण्यापूर्वीची तयारी

शिश्नावर किंवा पुढच्या कातडीवर एकदा उठून बरा झालेला फोड पुन्हा उठतो, तेव्हा बहुतेक पुरुष आधी ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा आणि ताक पितात, मग मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतात आणि जखम सुकली की डॉक्टरकडे जाण्याचा विचार पुढच्या वेळेवर ढकलतात. या खेपेस ज्यांना खरोखर जायचे आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहितो आहे. आधार कार्ड, पैसे, जुने रिपोर्ट आणि सैल कपडे यांविषयी वेगळे सांगत नाही.

निम्मी तयारी एकाच गोष्टीची आहे: प्रत्येक वेळी जखम उठण्याआधी कोणती गोळी पोटात गेली होती, तिची यादी. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या रोजच्या गोळ्या कोणीही सांगतो. मी म्हणतो आहे ती जुलाब लागले म्हणून, कंबर धरली म्हणून, दाढ ठणकली म्हणून किंवा कणकण वाटली म्हणून घेतलेली आणि दुसऱ्या दिवशी विसरलेली गोळी. मागच्या वेळी मी सगळी कागदपत्रे नेली, पण ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणालो, कारण जुलाबाची गोळी हे औषध आहे असे माझ्या मनातही आले नाही. त्या एका उत्तरामुळे माझ्यावर बराच काळ हर्पिसचे (संबंधातून लागणाऱ्या विषाणूच्या आजाराचे) उपचार झाले आणि घरात जो संशय शिरला तो वेगळाच.

कारण असे आहे. काही माणसांना ठरावीक औषध सोसत नाही आणि ते पोटात गेले की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, दर वेळी त्याच जागी लालसर-जांभळा गोल चट्टा उमटतो, आग होते, कधी फोड येऊन साल निघते आणि बरे झाल्यावर मागे काळपट डाग राहतो. याला डॉक्टर ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ म्हणतात. पुरुषांमध्ये शिश्नमुंड ही त्याची नेहमीची जागा. ओठ आणि हातही सुटत नाहीत. कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक्स, जुलाबावर सर्रास दिली जाणारी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, इतकेच काय पॅरासिटामॉलसुद्धा हे करू शकते. हर्पिसमध्ये बहुधा आधी मुंग्या येतात किंवा चुणचुणते, मग बारीक पाणीदार पुटकुळ्यांचा पुंजका उठतो, तो फुटून उथळ जखमा होतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतात. पुस्तकात हा फरक स्पष्ट दिसतो. साल निघालेल्या ओल्या जखमेपुढे मात्र अनुभवी माणूसही अडतो, आणि तिथे तुमची यादीच उपयोगी पडते.

आता ही यादी आपल्या भागात करणे सोपे नाही, हेही मान्य करतो. खानापूर-निपाणीकडच्या खेड्यांत डॉक्टर स्वतःच कागदाच्या पुडीत एक पांढरी, एक पिवळी आणि अर्धी गुलाबी गोळी बांधून देतात. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवतो आणि नाव छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. किराणा दुकानातल्या सुट्या अंगदुखीच्या गोळीचे तर विचारायलाच नको. म्हणून पट्टी कापण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो घ्यावा, पुडी मिळाली तर नाव लिहून मागावे, आणि रिकामी पट्टी केरात टाकू नये. घरच्या दिनदर्शिकेवर गोळी घेतल्याच्या दिवशी निळा ठिपका आणि जखम उठल्याच्या दिवशी लाल ठिपका द्यावा. कोणी विचारले तर दुधाचा हिशोब म्हणून सांगता येते. मात्र संशय आलेली गोळी ‘बघू तरी’ म्हणून घरी पुन्हा खाऊन पाहण्याचा शहाणपणा करू नये, कारण पुढच्या वेळी चट्टे वाढलेले असू शकतात.

जायचे ते जखम ओली असताना. हर्पिससाठीचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) ताज्या फोडातून घेतला तरच त्याला अर्थ असतो. खपली धरल्यावर गेलात तर डॉक्टरांना दिसणार काय? लगेच जमत नसेल तर उजेडात दोन स्पष्ट फोटो काढून ठेवावेत, एक जवळून आणि एक जागा कळेल असा, आणि ते घरातल्या सगळ्यांच्या हाताळणीतल्या फोनमध्ये राहणार नाहीत एवढे पाहावे. तोवर जखमेवर हळद, चुना, डेटॉल, जांभळे औषध यांपैकी काहीही लावू नये. मेडिकलमधली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब तर नकोच: बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते आणि वरून लाली गेल्यामुळे निदान मात्र चुकते. मनाने अँटिबायोटिक सुरू करू नये, आणि केले असेल तर तेही यादीत लिहावे. हो, तेही.

कुठे जावे, यावर आपल्याकडे एक खास खोड आहे. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून बेळगावचा माणूस कोल्हापूर किंवा मिरज गाठतो आणि तिकडचा माणूस बेळगावला येतो. एकदाच जायचे असेल तर हरकत नाही, पण हे दुखणे फेरतपासणीचे आहे. पुढच्या वेळी जखम उठेल त्याच दिवशी पोहोचता येईल असाच डॉक्टर धरावा. त्वचारोगतज्ज्ञच गुप्तरोगही पाहतात. बस स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग हमखास बरा’वाल्या पत्रकांकडे फिरकू नये; अशा जाहिरातींवर 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती पत्रके दर पावसाळ्यानंतर नव्याने चिकटतात. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आणि जाण्याआधी नुसते बोलायचे असेल तर 1097 हा विनामूल्य क्रमांक आहे. केस पेपर कन्नडमध्ये भरायचा असेल तर नाव-गावाचा भाग दुसऱ्याकडून लिहून घ्यावा. तक्रार मात्र स्वतःच्या तोंडाने, आत गेल्यावर सांगावी.

आतमध्ये आणखी दोन रुग्ण बाकावर बसलेले असतील तर ‘डॉक्टर, जरा एकट्यात बोलायचे आहे’ असे म्हणावे. सोबत आलेल्या भावाला किंवा मेहुण्याला बाहेर थांबवावे. लग्नाबाहेरचा संबंध, पुरुषाशी आलेला संबंध, शेवटचा संबंध कधी आला, हे विचारले जाईल आणि खरे सांगावे लागेल, कारण उपदंशाचा (जुन्या भाषेत गरमीचा) व्रण सहसा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो आणि रोग मात्र आत चालूच राहतो. जांघेत अवधाण (गाठ) आले आहे का, तोंडात वारंवार छाले येतात का, डोळे लाल होतात का, रात्री अंगभर खाज सुटते का, हेही न विचारता सांगावे. तोंड, डोळे आणि ही जागा यांचा मेळ असणारा बेहचेट नावाचा वेगळा आजार आहे, आणि रात्रीची खाज खरजेकडे बोट दाखवते. पुढच्या कातडीला गोल चिरा पडत असतील तर साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी तिथे बुरशीचा त्रास होतो. म्हणजे पुन्हा गोळ्यांची यादीच.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्ततपासणी अगदी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, एचआयव्हीचीही ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. तारीख विचारून घ्यावी. एचआयव्ही तपासणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. हर्पिसच्या आयजीएम या रक्ततपासणीवर पैसे घालू नयेत.

जखम भरेपर्यंत संबंध बंद. लैंगिक आजार निघाला तर पत्नीचीही तपासणी, आणि ती गरोदर असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. तीन-चार आठवड्यांत न भरणारी, कडा टणक झालेली किंवा रक्त येणारी जखम असेल तर बायोप्सीला (जखमेचा बारीक तुकडा काढून तपासण्याला) नाही म्हणू नये. मागे सरकलेली कातडी पुढे येत नसेल, लघवी अडली असेल, किंवा गोळीनंतर तापासह तोंड-डोळे सोलवटत असतील तर वेळ न घालवता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

दोष औषधाचाच निघाला तर डॉक्टरांकडून त्याचे मूळ नाव लिहून घ्यावे, पट्टीवरचे कंपनीचे नाव नव्हे, कारण तेच औषध दुसऱ्या दुकानात दुसऱ्या नावाने मिळते. चिठ्ठी इंग्रजी अक्षरांत असावी, म्हणजे बेळगावच्या आणि चंदगडच्या दोन्ही मेडिकलवाल्यांना ती वाचता येईल, आणि जुलाबाची गोळी मागताना खिशातून आधी तीच काढावी.