डुगडुगणारी वेताची खुर्ची घरच्या घरी कशी दुरुस्त करावी

जुन्या घरात अशी एक खुर्ची हमखास असते. सागवानी सांगाडा, वेताची बैठक मधोमध फाटलेली, फाटलेल्या जागेवर एक फळी टाकलेली आणि फळीवर रद्दीचा गठ्ठा. कुणी बसायला गेलं की घरातलं कुणीतरी ओरडतं, "अहो, त्या खुर्चीवर नको!" घर बदलताना अशी खुर्ची आधी भंगारात जाते. कृपा करून देऊ नका. सांगाड्याचं लाकूड शाबूत असेल तर महिनाभरातल्या शनिवार-रविवारांत ती पुन्हा बसण्याजोगी होते आणि त्यासाठी सुतारकामाचा अनुभव लागत नाही.

माझ्या आजोळची खुर्ची मी अशीच उभी केली. तिच्या एका पायात कुणीतरी चार खिळे ठोकलेले होते. डुगडुग थांबावी हाच हेतू असणार, पण त्या खिळ्यांनीच पाय उभा चिरला होता. म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सैल सांध्यात खिळा किंवा स्क्रू मारू नका. जुन्या खुर्चीचा सांधा म्हणजे आडव्या दांडीच्या टोकाला काढलेली जीभ आणि पायात कोरलेली खाच. दोन्ही एकमेकांत बसवून सरसाने चिकटवलेली असतात. फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरसच वापरत. सरस म्हातारा होतो, ठिसूळ होतो, पण लाकूड तसंच राहतं. म्हणजे खुर्ची मोडलेली नसते, तिचा फक्त गोंद संपलेला असतो. खिळा मारला की मात्र लाकूडच फाटतं. शिवाय लोखंड आणि ओल एकत्र आली की सागाला काळे डाग पडतात, ते वेगळंच.

आधी नीट पाहा

खुर्ची उलटी करा आणि उजेडात न्या. प्रत्येक सांधा हाताने हलवून बघा. जो हलतो त्यावर खडूने खूण करा. काही सांधे अजून घट्ट असतील. ते तसेच राहू द्या, उगाच सगळी खुर्ची सुटी करू नका.

बारीक भोकं दिसली तर खुर्चीखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड अजून आत आहे. पडली नाही तर ती भोकं जुनी आहेत. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट लाकडाला लागते. ताजी भुकटी दिसली तर आधी कीड मारण्याचं औषध, मग बाकीचं काम.

खुर्चीवर हिरवा किंवा निळा ऑइलपेंट असेल तर विशेष जपा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका, गरम करूनही काढू नका. लहान मुलं असलेल्या घरात तर अजिबात नाही. पेंट रिमूव्हर लावावा, रंग फुगला की ओला असतानाच पत्र्याच्या पट्टीने खरवडावा आणि खरवडलेलं सगळं पिशवीत बांधून टाकावं. हातमोजे, मास्क, उघडी खिडकी यात सवलत नाही.

सांधे उघडणं

फाटलेला वेत कापून काढा, पण बैठकीचा एक कोपरा आधी मोबाइलवर जवळून टिपून ठेवा. पुढे विणताना तो फोटो फार कामाला येतो. बैठकीच्या चौकटीच्या भोकांत अडकलेले वेताचे तुकडे जाड सुईने किंवा बारीक खिळ्याने खालून वर ढकलले की निघतात.

आता दांड्यांना आणि पायांना पेन्सिलीने १-१, २-२ असे जोडीचे आकडे घाला. हाताने केलेल्या खुर्चीत प्रत्येक जीभ आपापल्या खाचेतच बसते. अदलाबदल झाली तर खुर्ची जमिनीवर चार पायांनी टेकणारच नाही.

सैल सांधा हलकेच हलवला तरी बऱ्याचदा सुटतो. हट्टी असेल तर पांढरं व्हिनेगर कोमट करून इंजेक्शनच्या सिरिंजने सांध्याच्या फटीत सोडा. अर्धा तास थांबा, पुन्हा सोडा. सरस मऊ होऊन चिकट होतो. मग पायाला जाड फडकं गुंडाळून त्यावर रबरी किंवा लाकडी हातोडीने हळूहळू ठोका. घाई केलीत तर जीभ मोडते, आणि मोडलेली जीभ म्हणजे नवीन दांडी. खिळे आधीच मारलेले असतील तर डोकं दिसतंय ते पक्कडीने ओढा. डोकं आत गेलं असेल तर दुसऱ्या बाजूने बोथट खिळा लावून उलटं ठोका.

जीभ आणि खाच दोन्हींवरचा जुना सरस पूर्ण निघाला पाहिजे. कोमट पाणी, जुना दातब्रश आणि बोथट चाकू पुरे. इथे आळस करू नका. नवा गोंद जुन्या गोंदावर धरत नाही, त्याला लाकूड लागतं. मग दोन दिवस सावलीत वाळवा.

जीभ खाचेत ढिली बसत असेल तर काडेपेटीची काडी किंवा कागद खुपसू नका. ओळखीच्या सुताराकडून सागावर रंधा मारल्यावर निघणारी पातळ कुरळी साल मागून आणा, ती ओली करून सपाट करा, वाळवा आणि जिभेच्या सपाट बाजूवर गोंदाने चिकटवा. हाताच्या दाबाने जीभ आत जावी, हातोडी लागू नये, इतकंच माप हवं.

साग तेलकट असतो. म्हणून चिकटवण्याच्या आधी दोन्ही बाजू स्पिरिटच्या (पॉलिशसाठी वापरतात त्या मिथिलेटेड स्पिरिटच्या) फडक्याने पुसा आणि ते उडालं की लगेच फेविकॉल लावा, जिभेलाही आणि खाचेलाही. सांधा बसवा. शिकंजा (क्लॅम्प) नसला तरी अडत नाही. चारी पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या, मधे लाकडाची पट्टी घालून पीळ द्या आणि पट्टी दांडीला अडकवून ठेवा. दोरीखाली जुन्या सतरंजीचे तुकडे ठेवले की पायावर वळ उठत नाहीत.

पीळ देऊन झाला की टेपने दोन्ही कर्ण मोजा: समोरच्या डाव्या पायापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद असली तरी दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या बाजूने दाबून सरळ करा. फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात ना ते बघा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश धरणार नाही. २४ तास हात लावू नका.

पॉलिश

जुन्या खुर्च्यांना बहुधा लाखेचं पॉलिश असतं. खात्री करायची असेल तर बैठकीच्या खालच्या बाजूला कापसाचा स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर धरा. जागा चिकट झाली तर लाख आहे. मग घासून घासून कोरं लाकूड काढायची गरजच नाही. कोमट साबणाच्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या आणि ब्रशने स्पिरिटचा पातळ हात फिरवा. जुनी लाख विरघळते, चिरा भरून येतात, आणि साठ वर्षांचा तो मधासारखा रंग तसाच राहतो. तो रंग कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही, म्हणून मी पॉलिशपेपरला शेवटचा उपाय मानते. कपाचे पांढरे गोल डागही याच रीतीने बरेचसे जातात.

कोरं लाकूड दिसत असेल तर आधी १५०, मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलं तर त्या ओरखड्यांत पॉलिश भरतं आणि ते कायमचे दिसतात.

पॉलिश घरी करता येतं. हार्डवेअरच्या दुकानात लाखेचा चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) सुटा मिळतो (पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी पालथी घातली की सगळंच मिळतं). एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२५ ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत टाका, अधूनमधून हलवा, एका दिवसात विरघळतो. जुन्या मलमलीतून गाळा. लागेल तेवढंच करा. सहा-आठ महिन्यांच्या जुन्या पॉलिशचा थर नीट वाळत नाही. स्पिरिट पेट घेतं आणि विषारी असतं, तेव्हा गॅसपासून आणि मुलांपासून लांब.

कापसाचा लिंबाएवढा बोळा करून त्यावर धुतलेल्या सुती धोतराचं फडकं गुंडाळा. बोळा पॉलिशमध्ये बुडवून पिळा आणि लांब, न थांबणाऱ्या हाताने फिरवा. लाकडावर बोळा थांबला की तिथे तो चिकटतो आणि वण राहतो. अर्ध्या अर्ध्या तासाने एक असे सात-आठ हात द्या. तिसऱ्या हातानंतर ३२० चा कागद अगदी अलगद.

हे काम पावसाळ्यात करू नका. हवेतली ओल लाखेत अडकते आणि पॉलिश दुधाळ होतं. दसऱ्यापासून मेपर्यंतचे कोरडे दिवस चांगले. कोकणात किंवा मुंबईत असाल तर दुपारची वेळ धरा.

वेत विणणं

अंध मुलांच्या शाळांमधून खुर्च्या विणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे. विणायला बसलात की त्याचं कारण कळतं: यात डोळ्यांपेक्षा बोटं जास्त सांगतात.

भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. १२-१३ मिमी असेल तर साधारण सव्वादोन मिमी रुंदीची वेताची पट्टी घ्या, १९ मिमीच्या आसपास असेल तर ३ मिमीची. प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त पडते, पण ती वाळून ताणली जात नाही आणि सागावर परकी दिसते. पट्टी कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा. तासन्‌तास ठेवली तर काळी पडते. एक विणताना पुढची भिजत घाला. गुळगुळीत चकचकीत बाजू नेहमी वर.

पहिला थर मागून पुढे. बैठकीच्या मागच्या आणि पुढच्या दांडीवरचं मधलं भोक शोधून तिथून सुरू करा आणि दोन्हीकडे जा. भोकात पट्टी धरून ठेवायला बांबूच्या छोट्या खुंट्या करा. दुसरा थर डावीकडून उजवीकडे, पहिल्याच्या नुसता वर टाकायचा, विणायचा नाही. तिसरा पुन्हा मागून पुढे, त्याच भोकांतून, पहिल्याच्या किंचित उजवीकडे. इथवर सगळं सोपं असतं.

चौथा थर खरा. पट्टी आडवी नेताना ती तिसऱ्या थराच्या वरून आणि पहिल्या थराच्या खालून काढायची. इथे जाळी एकमेकांत अडकते. दर दोन-तीन ओळींनी ओल्या बोटांनी जोड्या एकमेकींजवळ सरकवा म्हणजे मधे स्वच्छ चौकोन उरतात. पाचवा आणि सहावा थर तिरपे, एकमेकांविरुद्ध दिशेने. एक तिरपी पट्टी उभ्या जोड्यांच्या वरून आणि आडव्यांच्या खालून, दुसरी बरोबर उलट. कोणती कुठे हे बोटांना विचारा: बरोबर गेली तर पट्टी जोड्यांच्या फटीत घसरून बसते, चुकली तर कडेला खरखरून अडकते. अडकली तर ओढू नका, उसवा.

टोकं खालच्या बाजूला शेजारच्या फेऱ्यात दोनदा अडकवून कापा. शेवटी भोकांच्या रांगेवर एक रुंद पट्टी ठेवा आणि बारीक पट्टीने ती भोकाभोकातून टाचून घ्या. पहिल्यांदा करणाऱ्याला विणायला दहा-बारा तास लागतात. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका, बोटं सोलतात.

दोन दिवस वाऱ्यावर वाळू द्या. वेत आक्रसून ताठ होतो आणि टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. तोवर कुणालाही बसू देऊ नका. वर्षा-दोन वर्षांनी बैठक सैल वाटली तर खुर्ची उलटी करा आणि खालच्या खरखरीत बाजूला ओलं फडकं अर्धा तास अंथरून ठेवा. पाणी तिथूनच शोषलं जातं. रात्रभर वाळली की बैठक पुन्हा ताणून बसते.