जुकोमधून खेळाडू घेताना: रिक्रूटिंग ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्पोर्ट मॅनेजमेंट शिकून कॉलेज फुटबॉलच्या (हा अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) रिक्रूटिंग ऑफिसात, म्हणजे संघासाठी खेळाडू मिळवणाऱ्या कार्यालयात, शिरू पाहणारी मराठी मुलेमुली अधूनमधून माझ्याकडे चौकशी करतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न फिल्मविषयी, म्हणजे सामन्यांच्या चित्रफितींविषयी, असतो. चांगला खेळाडू ओळखायला कसे शिकावे, असे त्यांना विचारायचे असते. प्रश्न योग्यच आहे. पण जुकोतून, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजांतून, येणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत तो दुसऱ्या क्रमांकावर येतो. हा मुलगा आपल्या विद्यापीठात आल्यानंतर हंगामाच्या पहिल्या शनिवारी मैदानावर उतरू शकेल का, हे आधी विचारावे लागते. त्याचे उत्तर हडल या संकेतस्थळावरच्या फिल्ममध्ये सापडत नाही. ते ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकात, असते, आणि ट्रान्सक्रिप्ट वाचायला तुम्हाला कोणी बसवून शिकवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

कॅन्ससमधील हचिन्सन आणि बटलर, मिसिसिपीतील ईस्ट मिसिसिपी, आयोवा वेस्टर्न, टेक्ससमधील ब्लिन ही जुकोंची नावे तुम्हाला माहीत असतीलच. मात्र ही सगळी कॉलेजे एकाच साच्यातली आहेत असे समजू नका. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे एनजेसीएएच्या, म्हणजे जुकोंच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या, कक्षेत येत नाहीत, त्यांची स्वतःची राज्यसंघटना आहे, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजेच तिथला मुलगा बहुधा कुठेतरी नोकरी करून खेळत असतो आणि त्याच्या नोंदींत एखादे सत्र अर्धवेळ प्रवेशाचे असण्याची शक्यता असते. एनसीएएचे, म्हणजे चार वर्षांच्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेचे, खेळण्याच्या पात्रतेचे पाच वर्षांचे घड्याळ पूर्णवेळ प्रवेशापासून सुरू होते, त्यामुळे ते अर्धवेळ सत्र त्याच्या फायद्याचे असू शकते. प्रत्येक सत्रापुढे पूर्णवेळ की अर्धवेळ हे पेन्सिलने लिहून काढण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्या. प्रशिक्षक जेव्हा ‘थ्री टू प्ले टू’ म्हणतात, म्हणजे तीन वर्षांत दोन हंगाम खेळण्याची मुभा, तेव्हा त्यांनी हा हिशेब कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला असतो. तुम्ही तो कागदावरून मांडा.

यानंतर खेळाडू शाळेतून बाहेर पडताना क्वालिफायर, म्हणजे एनसीएएच्या शैक्षणिक अटी पूर्ण केलेला, होता की नाही, हे पाहावे. हा एक शब्द सगळे गणित बदलतो. क्वालिफायर असलेला मुलगा दोन वर्षे पूर्ण न करताही निघू शकतो. दर पूर्णवेळ सत्रामागे सरासरी बारा ट्रान्सफर होणारी क्रेडिट (विषय मोजण्याची एकके) आणि 4 पैकी 2.5 ची सरासरी गुणश्रेणी (जीपीए) एवढे त्याला पुरते. नॉन-क्वालिफायरला मात्र जुकोची दोन वर्षांची पदवी, किमान तीन पूर्णवेळ सत्रे, 48 सेमिस्टर क्रेडिट, त्यांत इंग्रजीची सहा, गणिताची तीन आणि निसर्गविज्ञानाची तीन, एवढे सगळे लागते. पुढे एनएफएलमध्ये गाजलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स 2002 मध्ये कॅलिफोर्नियातील ब्युट या जुकोत खेळत होता. त्याच्याच संघातल्या टाइट एंड या जागेवरच्या एका खेळाडूला पाहायला आलेल्या कॅल (कॅलिफोर्निया, बर्कली) विद्यापीठाच्या प्रशिक्षकांच्या नजरेत तो भरला. शाळेतील त्याचे गुण चांगले असल्यामुळे तो एकाच वर्षानंतर ट्रान्सफर घेऊ शकला. पण कॅन्ससच्या एखाद्या कोपऱ्यात राखीव म्हणून बसलेल्या लाइनमनला (आघाडीच्या फळीतल्या खेळाडूला) आपले असे हक्क ठाऊक असतील, असे गृहीत धरू नका. त्याला थेट विचारा, आणि त्याच्या उत्तरावर न थांबता शाळेचा ट्रान्सक्रिप्टही मागवा.

इथपर्यंतचे कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडेल. ज्यात आमचे ऑफिस अडकले, आणि मीही अडकले, ते यापुढे आहे. तेवढे मात्र सावकाश वाचा.

ट्रान्सफर झालेले क्रेडिट आणि पदवीसाठी धरलेले क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मार्कशीटवर विषय उत्तीर्ण दिसला की तो सुटला, असे समजण्याची आपल्याला सवय असते, आणि त्या सवयीने अमेरिकन ट्रान्सक्रिप्ट वाचला की घात होतो. विद्यापीठाचे प्रवेश कार्यालय जेव्हा ‘सर्व 64 क्रेडिट स्वीकारली’ असे कळवते, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की ती त्या मुलाच्या नोंदीवर आली. त्याने निवडलेल्या पदवीच्या आवश्यकतांपैकी किती पूर्ण झाल्या, याबद्दल त्या पत्रात एक अक्षरही नसते. पैसे बँकेत जमा झालेले असतात, पण कर्जाचे हप्ते ज्या खात्यातून वळते होतात, त्या खात्यात नव्हे.

एनसीएएचा नियम मात्र नेमका त्या दुसऱ्या खात्याकडे पाहतो. मी काम करत होते त्या काळात 40-60-80 हे सूत्र होते: तिसऱ्या वर्षाच्या आरंभी जाहीर केलेल्या पदवीचे 40 टक्के, चौथ्याच्या आरंभी 60 आणि पाचव्याच्या आरंभी 80 टक्के पूर्ण असले पाहिजेत. पदवी 120 क्रेडिटची असेल, तर 40 टक्के म्हणजे 48 क्रेडिट. आमच्याकडे येणाऱ्या एका डिफेन्सिव्ह टॅकलकडे (बचाव फळीतल्या खेळाडूकडे) जुकोची पदवी होती, 64 क्रेडिट होती, गुणश्रेणी 2.8 होती, आणि शाळेतून तो क्वालिफायर होता. वरवर पाहता 48 चा आकडा त्याने केव्हाच ओलांडला होता. त्याने जाहीर केलेला विषय होता व्यवसाय व्यवस्थापन. प्रत्यक्ष पदवीच्या रकान्यांत बसवायला गेल्यावर इंग्रजीची सहा, गणिताची तीन, इतिहासाची सहा, प्रयोगासह विज्ञानाची आठ, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र मिळून सहा, आणि वक्तृत्वाची तीन, अशी 32 क्रेडिट बसली. त्या पदवीत मुक्त ऐच्छिक विषयांसाठी नऊ क्रेडिटची जागा होती, ती धरून 41. उरलेली 23 क्रेडिट, म्हणजे शारीरिक शिक्षण, फुटबॉलचा सिद्धांत, आणि जागा नसलेले आणखी ऐच्छिक विषय, नोंदीवर होती, पण पदवीच्या दृष्टीने निरुपयोगी होती. सात क्रेडिट कमी पडत होती.

हे आमच्या लक्षात आले तेव्हा उन्हाळी सत्राचे प्रवेश संपत आले होते. तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय घेऊन सहाच होतात. प्रयोगशाळेसह चार क्रेडिटचा एक विषय आणि तीनचा एक, असे सात झाले असते, पण त्याचा विज्ञानाचा रकाना आधीच भरलेला होता आणि तीन-तीन क्रेडिटच्या तिसऱ्या विषयाच्या वर्गात त्याला जागा मिळाली नाही. त्या मुलाने अख्खा हंगाम केवळ सरावात काढला. त्याच्या वाट्याला दोनच हंगाम उरले होते, त्यांतला एक असा गेला. आजही हा हिशेब मांडताना मला वाईट वाटते, कारण त्यात त्या मुलाचा कोणताही दोष नव्हता. त्याला जे विषय घ्यायला सांगितले गेले, ते त्याने घेतले आणि तो उत्तीर्ण झाला.

म्हणून माझा आग्रह असा आहे की कोणत्याही जुको खेळाडूला भेटीसाठी बोलावण्यापूर्वी त्याचा ट्रान्सक्रिप्ट संबंधित विभागाच्या पदवी-तपासणीतून तपासून घ्यावा, आणि तोही एका नव्हे तर दोन-तीन संभाव्य पदव्यांसाठी. ‘स्वीकारली’ हा शब्द दिसला की ‘कुठे बसली?’ हा प्रश्न विचारावा. डी श्रेणी पाहून घ्यावी, कारण अनेक विद्यापीठे ती ट्रान्सफरमध्ये घेत नाहीत, आणि जुकोच्या कागदावर उत्तीर्ण असलेला विषय तुमच्याकडे येताना गळून पडतो. एकच विषय दोनदा घेतला असेल, तर तोही एकदाच धरला जातो. पूरक स्वरूपाचे, पहिल्या वर्षाच्या आतले इंग्रजी-गणिताचे वर्ग मुळीच धरले जात नाहीत. मुलगा तीन कॉलेजे फिरून आला असेल, तर तिन्ही ठिकाणचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट हातात आल्याशिवाय कोणताही आकडा खरा मानू नये. एखाद्या कॉलेजाचे शुल्क थकलेले असेल, तर ते ट्रान्सक्रिप्ट रोखून धरू शकते, आणि ती थकबाकी तुम्ही किंवा संघाच्या हितचिंतकाने परस्पर भरण्याचा विचारही मनात आणू नये. असा प्रसंग आला की त्याच दिवशी कम्प्लायन्सकडे, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयाकडे, जावे.

या अडचणीवर एक सोपी वाट सगळीकडे सुचवली जाते: मुलाला अशा पदवीत टाका, जिच्यात त्याची सगळी क्रेडिट बसतात. सर्वसाधारण किंवा आंतरशाखीय अभ्यासाच्या पदव्या यासाठीच वापरल्या जातात. नियमाने त्यात काही गैर नाही, आणि काही मुलांना ती पदवी खरोखर हवी असते. पण मला हा मार्ग मनापासून पटत नाही. व्यवसाय शिकायला आलेल्या मुलाला केवळ सप्टेंबरमध्ये खेळता यावे म्हणून दुसरीकडे वळवणे म्हणजे त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय आपल्या बारा सामन्यांसाठी घेणे होय. निदान त्याला आणि त्याच्या आईवडिलांना दोन्ही हिशेब समोर ठेवून दाखवा, आणि मग त्यांना ठरवू द्या.

मार्गदर्शकांविषयीही माझे मत ठाम आहे. नवखी मुले प्लेअर पर्सोनेलच्या, म्हणजे खेळाडूंच्या निवडीच्या, संचालकाच्या मागेमागे फिरतात, कारण तिथे फिल्म आहे आणि प्रतिष्ठा आहे. तुम्ही आधी रजिस्ट्रारच्या कार्यालयात ट्रान्सफर क्रेडिटचे मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीशी ओळख करून घ्या. त्यानंतर प्रत्येक जुकोतील शैक्षणिक सल्लागाराशी. त्यांना वर्षातून एकदा घाईचा फोन करू नका. खेळाडू हवा नसेल तेव्हाही बोलत राहा. कोणता मुलगा वर्गात येतो, कोणाचा उन्हाळ्यातील ऑनलाइन विषय अर्धवट राहिला आहे, हे त्यांना मुख्य प्रशिक्षकापेक्षा अधिक नेमके माहीत असते. खेळाडूंना तारे (स्टार) देणाऱ्या क्रमवारीवर विसंबणारे आणि ‘अमुकअमुक माझ्या ओळखीचा आहे, पोरगा नक्की येईल’ असे सांगणारे मध्यस्थ, या दोघांपासून लांब राहा.

आता थोडे धीर देणारेही सांगते, कारण वरचे वाचून हे काम म्हणजे केवळ सापळे आहेत असे वाटेल. डिसेंबरमध्ये जुको पूर्ण करून जानेवारीत येणारा खेळाडू हा नवख्या माणसासाठी सर्वांत चांगला धडा आहे. तो तीन पूर्णवेळ सत्रे करून आलेला असेल, तर 40 टक्क्यांची कसोटी त्याला पुढच्या शरद ऋतूत लागते, आणि दरम्यान वसंत सत्र व उन्हाळा दोन्ही तुमच्या हातात असतात. प्रशिक्षकांना जानेवारीचा खेळाडू वसंतातील सरावासाठी हवा असतो. तुम्हाला तो या अवकाशासाठी हवा असला पाहिजे. ज्या डिफेन्सिव्ह टॅकलची गोष्ट वर सांगितली, तो जानेवारीत आला असता तर सात क्रेडिटचा प्रश्न वसंत सत्रातच सुटला असता.

क्षेत्र मात्र झपाट्याने बदलले आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आले, 2021 पासून चार वर्षांच्या कॉलेजांतील खेळाडूंना एकदा ट्रान्सफर घेऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि पूर्वी जुकोत शोधला जाणारा तयार खेळाडू आता पोर्टलमध्ये शोधला जातो. 2009 मध्ये फ्लोरिडा सोडून ब्लिनला आलेला आणि 2010 मध्ये ऑबर्न विद्यापीठाकडून खेळून हाइझमन हा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार जिंकणारा कॅम न्यूटन आजच्या काळात असता, तर बहुधा थेट दुसऱ्या विद्यापीठात गेला असता. त्याउलट, न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या जुकोतून पुढे आलेल्या, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या दिएगो पाव्हियाच्या खटल्यात डिसेंबर 2024 मध्ये टेनेसीतील फेडरल न्यायालयाने जुकोतील हंगाम त्याच्या खेळण्याच्या मुभेतून वजा करण्यास तात्पुरती मनाई केली, आणि त्यानंतर एनसीएएने 2025-26 साठी त्याच्यासारख्या खेळाडूंना सवलत दिली. जुकोच्या खेळाडूचे मोल त्यामुळे पुन्हा वाढले. सही करण्याची पद्धतही बदलली आहे. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू विद्यापीठाशी बांधील होण्यासाठी ज्यावर सही करत असे ते पत्र, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये रद्द झाले. त्यामुळे मी वर दिलेला कोणताही आकडा वापरण्यापूर्वी चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडा आणि कम्प्लायन्सकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘हो’ कोणाचेही असले तरी चालत नाही.

खेळाडूने सही केली की ऑफिसात टाळ्या वाजतात आणि बहुतेक जण पुढच्या नावाकडे वळतात. तुमचे काम तेव्हा अर्ध्यावरच असते. शेवटच्या सत्रातील विषय त्याने सोडलेला नाही ना, हे दर पंधरवड्याला जुकोच्या सल्लागाराकडून जाणून घ्या. नॉन-क्वालिफायर असेल तर पदवीसाठीचा अर्ज त्याने भरला आहे का, हेही विचारा, कारण सगळी क्रेडिट पूर्ण होऊनही केवळ अर्ज न भरल्यामुळे पदवी नोंदवली गेलेली नसते. अंतिम ट्रान्सक्रिप्टवर पदवी मिळाल्याची तारीख छापून आली आणि ती प्रत रजिस्ट्रारकडे पोहोचली, की मगच त्याचे नाव फळ्यावर पक्क्या शाईने लिहा.