रेस व्हेरियंट बनवताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे आता बरीच पोरं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा गेम) खेळायला लागलीत, चांगलंच आहे, पण नवीन डीएम (गेम चालवणारा) झाला की आधी स्वतःची रेस (पात्राचा वंश, एल्फ-ड्वॉर्फसारखा) किंवा तिचा बदललेला व्हेरियंट बनवायला बसतो आणि मग मला मेसेज येतो, "भाऊ, जरा बघा ना, बॅलन्स बरोबर आहे का". बघतो, आणि दरवेळी त्याच त्या चुका. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आकडे 2014 च्या पाचव्या एडिशनचे आहेत, कारण मला येतात ते व्हेरियंट बहुतेक त्यावरच बेतलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या लेव्हललाच उडू देणं. भुसावळच्या एका टेबलावर मी प्लेअर म्हणून बसलो होतो. डीएमने जीव ओतून किल्ला बनवलेला, धुळ्याजवळच्या लळिंगवरून नकाशा घेतलेला, कडा, तुटक्या पायऱ्या, पाण्याची टाकी, सगळं. आणि त्यानेच एका पोराला एल्फचा पंखवाला व्हेरियंट दिलेला, उडण्याचा वेग 50 फूट, आराकोक्रा या पक्ष्यासारख्या रेसवरून उचललेला. आम्ही बाकीचे दोर लावून ॲथलेटिक्सचे रोल करतोय, एक जण घसरून खाली आला, आणि हा 140 फुटांवरून लाँगबो चालवतोय. लाँगबोची नॉर्मल रेंज 150 फूट, गॉब्लिनच्या शॉर्टबोची 80, म्हणजे याचे बाण सरळ जाणार आणि गॉब्लिनला मात्र डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा; ॲडव्हांटेजला जास्त). डीएम म्हणाला, अरे थोडं खाली ये ना. तर पोरगं म्हणे, "मी तं वर शे, माले काय व्हनार शे?" आणि खरंच, काही होणारच नव्हतं. कड्यावर डीएमने जेवढी मेहनत घेतली ती सगळी एका ओळीने वाया गेली.

त्यानंतर डीएमने घाईत जुगाड केला. आधी प्रत्येक टोळीत तिरंदाज वाढवले, मग प्रत्येक लढाई बुटक्या छताच्या गुहेत. तिरंदाज वाढले तसे खाली उभे असलेले आम्ही मरायला लागलो, आणि गुहा आल्या तसं पोराला कळलं की हे आपल्यासाठीच मुद्दाम चाललंय. भांडण झालं, टेबल बंद पडलं. पोराची काही चूक नव्हती, त्याला दिलं ते त्याने वापरलं.

उडण्याची किंमत गेममध्येच लिहिलेली आहे हो. फ्लाय हा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, विझार्डला तो स्वतःच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही कॉन्सन्ट्रेशन सांभाळून आणि जास्तीत जास्त 10 मिनिटं. म्हणून माझ्या टेबलावर पाचव्या लेव्हलपर्यंत पंखवाल्याने टर्न संपताना पाय जमिनीवर टेकवायचे, पडला तर तरंगत खाली यायचं, बस. पाचव्यानंतर उड बाबा किती उडायचं ते. "पण पुस्तकात पहिल्यापासून 50 फूट दिलंय" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पुढची ओळ पण वाचावी, मीडियम किंवा हेवी आर्मर घालून आराकोक्राला उडता येत नाही. कॉपी करताना नेमकी हीच अट गळते.

दुसरी चूक, तोटा लावून फायदा विकत घ्यायचा. "दोन पॉवर जास्त दिल्या पण उन्हाचा त्रास लावलाय ना भो". ड्राऊला (भुयारातला एल्फ) 120 फूट डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) आहे आणि भरउन्हात अटॅक आणि नजरेने करायचं परसेप्शन (हेरायचा रोल) डिसॲडव्हांटेजने. मोहीम अख्खी भुयारात असेल तर हा तोटा शून्य, आणि मोहीम मे महिन्यातल्या तापीकाठच्या उघड्या रानात असेल तर त्या प्लेअरने खेळायचं तरी काय? कोबोल्डचं पॅक टॅक्टिक्स बघा, दोस्त शत्रूच्या शेजारी उभा असला की अटॅकला ॲडव्हांटेज. उन्हाचा त्रास त्यालाही आहे, म्हणून उन्हात ॲडव्हांटेज-डिसॲडव्हांटेज एकमेकांना कापतात, भुयारात जवळजवळ प्रत्येक वार ॲडव्हांटेजने. एकच रेस, पण जागा बदलली की ताकद बदलते. म्हणून मी तोटे हिशोबात धरतच नाही. सगळे तोटे खोडायचे आणि मग बघायचं की रेस जास्त भारी वाटते का, वाटली तर फायदा कमी करायचा.

तिसरं जरा बारीक आहे. माउंटन ड्वॉर्फला ताकद +2, कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) +2 आणि वर लाइट-मीडियम आर्मर. एवढं दिलं तरी तो डोक्यावर बसत नव्हता, कारण ताकद ज्याला हवी त्या फायटरकडे आर्मर आधीच असतं, आणि आर्मर ज्याला हवं त्या विझार्डला ताकद नको असते. बॅलन्स या न जुळण्यात होता. 2020 मध्ये बोनस हवे तिथे हलवायचा ऑप्शनल नियम आला आणि इंटेलिजन्स +2 घेऊन मीडियम आर्मर घातलेला विझार्ड तयार झाला. व्हेरियंट करताना पोरं फक्त बोनस हलवतात आणि "टोटल तर तेवढीच आहे" म्हणतात. टोटलने काही कळत नाही, कुठल्या क्लासला (पात्राच्या पेशाला) काय मिळतंय ते बघा. मी प्रत्येक नवा व्हेरियंट फायटर, विझार्ड आणि रोग (Rogue, चोर) अशा तिघांच्या शीटवर लिहून बघतो, वेळ जातो, पण नेटवरच्या रेडिमेड पॉइंट टेबलपेक्षा हे बरं. ती टेबलं घाई असलेल्यांसाठी आहेत.

सगळ्यांना डार्कव्हिजन वाटू नका, मशाल ही चीजच टेबलावरून गायब होते. आणि डार्कव्हिजनलासुद्धा गडद अंधार अंधुक उजेडासारखाच दिसतो, परसेप्शनला डिसॲडव्हांटेज असतं, ते लावत जा.

हाफलिंगचं लकी (फाशावर 1 आला की परत टाकायची मुभा) बाकी रेसना उचलून देऊ नका, त्याच्याकडे दुसरं फार काही नाही.

सातपुड्यातले आदिवासी डोळ्यासमोर ठेवून "जंगली जमात, इंटेलिजन्स -2" असा व्हेरियंट माझ्याकडे आला तर मी तो बघत पण नाही. जंगल ज्यांना पाठ आहे त्यांना सर्व्हायव्हल द्या, नेचर द्या, ही स्किल्स आहेतच. ऑर्कची -2 इंटेलिजन्स तर बनवणाऱ्यांनीच नंतर काढून टाकली.

आणि 2024 चे नियम घेतले असतील तर लक्षात ठेवा, त्यात ॲबिलिटीचे (ताकद, इंटेलिजन्स वगैरे) बोनस रेसऐवजी बॅकग्राउंडमधून (पात्राचं आधीचं आयुष्य) येतात. जुना व्हेरियंट तसाच उचलला तर बोनस दोनदा लागतो, त्यामुळे रेसचा बोनस आधी खोडा, मग मला पाठवा.