ब्रिटनचा राजा, चर्च आणि संसद : लिहिताना या चुका टाळा

तिसऱ्या चार्ल्सचा चेहरा असलेलं ब्रिटिश नाणं हाती आलं, तर कडेची अक्षरं वाचा. नावापुढे ‘डी जी रेक्स एफ डी’ कोरलेलं असतं. लॅटिनमधल्या या आद्याक्षरांचा अर्थ ‘देवकृपेने राजा, धर्मरक्षक’. पहिली चूक इथेच होते. ही पदवी आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतल्यावर लावून घेतली, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात ती दिली पोप दहाव्या लिओने, १५२१ मध्ये, पोपला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिल्याबद्दल! १५३४ मध्ये हेन्रीने पोपला झुगारलं, पदवी मात्र सोडली नाही. पुढे संसदेकडून ती पक्की करून घेतली.

राजाला ‘इंग्लंडचा पोप’ किंवा ‘धर्मगुरू’ म्हणू नका. हेन्री स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा ‘सर्वोच्च प्रमुख’ म्हणवत असे. १५५९ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळात ते ‘सुप्रीम गव्हर्नर’ झालं, आणि आजही तेच आहे. राजा काही प्रार्थना चालवत नाही. बिशप नेमले जातात त्याच्या नावाने, पण नाव येतं चर्चच्या समितीकडून पंतप्रधानांकडे आणि तिथून राजाकडे. गोव्याच्या इतिहासातला पाद्रोआदो, म्हणजे बिशपांची नावं सुचवण्याचा पोर्तुगीज राजाचा हक्क, डोक्यात ठेवून हे वाचलं तर घोटाळा होतो. पोर्तुगालच्या राजाला तो हक्क पोपनेच दिला होता.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे ‘लॉर्ड्स सभागृहात २६ बिशप बसतात, म्हणजे सरकारवर चर्चचा वरचष्मा’. लगाम खरं तर संसदेच्या हातात आहे. १९२७ मध्ये चर्चने आपलं प्रार्थनापुस्तक सुधारलं. स्वतःचंच पुस्तक, पण मंजुरी संसदेची लागत होती. लॉर्ड्सनी होकार दिला, कॉमन्सने २३८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं. दुरुस्त करून १९२८ मध्ये पुन्हा आणलं, तर २६६ विरुद्ध २२० ने पुन्हा आपटलं. मुंबईत जन्मलेले पारशी कम्युनिस्ट शापुरजी सकलातवाला तेव्हा बॅटर्सीचे खासदार होते. इंग्लंडच्या चर्चने कशी प्रार्थना करावी यावर मत द्यायचा हक्क त्यांनाही होता. बिशपांनी मग ते पुस्तक छापलंच, आणि वापरणाऱ्यांकडे काणाडोळा केला.

‘ब्रिटनचं अधिकृत चर्च’ हा शब्दप्रयोगही खोडा. हे चर्च अधिकृत आहे ते फक्त इंग्लंडपुरतं. आयर्लंडमध्ये तो दर्जा १८७१ मध्ये, वेल्समध्ये १९२० मध्ये संपला. स्कॉटलंडचं राष्ट्रीय चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपांशिवाय चालणारं. तिथे राजा प्रमुख नाही.

आणि ‘कॅथलिकांवरची सगळी बंदी उठली’ असं लिहिण्याआधी थांबा. २०१३ च्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीशी लग्न केल्यामुळे वारसाहक्क जात नाही, एवढंच झालं. स्वतः कॅथलिक असणाऱ्याला गादी आजही मिळत नाही. १८२९ च्या कायद्यातलं एक कलमही जिवंत आहे : इंग्लंडच्या चर्चमधल्या नेमणुकांबाबत कॅथलिक व्यक्तीने राजाला सल्ला द्यायचा नाही. हिंदूंबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्यामुळे ऋषी सुनक पंतप्रधान असताना बिशपांची नावं राजाकडे त्यांच्यामार्फत जाण्यात कायद्याची आडकाठी नव्हती, आणि ६ मे २०२३ ला राज्याभिषेकात बायबलमधला उतारा वाचायला उभे राहिले तेही सुनकच.