चर्चला आतून नवा रंग देताय? आधी या चुका टाळा

घराची खोली रंगवताना चूक झाली तर ती घरातल्या चार जणांना दिसते, चर्चची भिंत चुकली की सगळी मंडळी पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्याकडे तोंड करून बसते. तास-दीड तास एका जागी, समोर बघत. आपल्या घरातल्या भिंतीकडेसुद्धा कोणी इतका वेळ बघत नाही. आणि तरी हे काम सगळ्यात घाईत उरकलं जातं. मी बऱ्याच चर्चचं रंगकाम जवळून बघितलंय, कमिटीत बसलोय, परांचीवर चढलोय, आणि दर वेळी चुका त्याच त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक: शेडकार्ड ऑफिसात उघडणं

मीटिंग ऑफिसात, डोक्यावर पांढरी ट्यूब, टेबलावर शेडकार्ड फिरतंय आणि बोटाच्या पेराएवढ्या चौकोनावरून तीस-चाळीस फूट उंच भिंतीचा रंग ठरतोय. तो चौकोन तुम्हाला काहीही सांगू शकत नाही. एकतर मोठ्या भिंतीवर रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, पिवळ्यावर पिवळा पडतो आणि आणखी पिवळा होतो. दुसरं म्हणजे चर्चमधला उजेड घरासारखा नसतोच. फरशी लाल असेल तर खालून लालसर उजेड वर जातो आणि दुपारी पांढरं छत गुलाबी दिसतं. क्रीम भिंतीवर निळ्या काचेतून ऊन आलं की ती मळकट हिरवट दिसते, मग सगळे पेंटरला बोलतात, त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

एका चर्चमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, शुभ्र पांढरा मारू, पवित्र वाटेल, उजेडही वाढेल. मी म्हटलं आधी नमुना बघा. पण परांची भाड्याची, भाडं रोज चढत होतं, थांबायची कोणाची तयारी नव्हती. वेदीमागची भिंत यादीतल्या सगळ्यात पांढऱ्या रंगाने रंगवून टाकली. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर वेदीची वस्त्रं धुणाऱ्या आजी माझ्याकडे आल्या. कित्येक वर्षं हे काम त्यांच्याकडे, इस्त्रीची एक घडी कधी वाकडी जायची नाही. बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाळा, माझं धुणं कमी पडायला लागलंय का रे? कापड पिवळं दिसतंय आज." कापड होतं तसंच होतं. त्या एकदम पांढऱ्या रंगांना निळसर झाक असते, आणि तिच्यापुढे ते सुती कापड, जुना संगमरवर, मेणबत्त्या, सगळंच कळकट दिसायला लागलं होतं. आजींनी ते पुन्हा धुऊन आणलं, पुढच्या रविवारी परत तेच. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही. शेवटी भिंत परत रंगवली, पांढऱ्यातच गेरूची आणि काळ्याची किंचित छटा टाकून, कापडापेक्षा एक पायरी गडद, आणि त्याच कापडाकडे बघून आजी म्हणाल्या आता बरं दिसतंय.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. दोन बाय तीन फुटांच्या प्लायच्या फळ्या घ्यायच्या, प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात मारायचे, पूर्ण वाळू द्यायच्या आणि मग त्या चर्चमध्ये फिरवायच्या. जुन्या भिंतीवर थेट ठिपका मारून बघू नका, भोवतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो. फळी सकाळच्या उपासनेच्या वेळी बघायची, भर दुपारी बघायची, संध्याकाळी दिवे लावून बघायची आणि एकदा नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात बघायची. तीही शेवटच्या बाकावर बसून, उभं राहून नाही, कारण लोक बसून बघतात. फरशी, बाकांचं लाकूड, दगड, काचा या गोष्टी बदलणार नसतात, त्यामुळे फळी त्यांच्या शेजारी धरायची आणि त्यांच्याशी जमेल तोच रंग घ्यायचा. या सगळ्याला एक आठवडा जातो. ज्यांना हा एक आठवडा जड वाटतो त्यांनी चर्चच्या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनीच्या यादीत प्रत्येक शेडपुढे एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. ० म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. मी भिंतींना साधारण ६० ते ७५ च्या मधे राहतो आणि छताला ८० च्या वर. अंधाऱ्या चर्चला या आकड्याने जितका फरक पडतो तितका शेडच्या नावाने पडत नाही.

आणि हो, दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे, मग रंग. उलटं करणारे खूप बघितलेत. ३००० केल्विनच्या उबदार दिव्याखाली पसंत केलेला रंग ६५०० च्या पांढऱ्या दिव्याखाली ओळखू येत नाही. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर बघा, नाहीतर माणसांचे चेहरेसुद्धा निस्तेज दिसतात.

दुसरी चूक: सणाची तारीख धरून भिंतीवर जबरदस्ती

नाताळला तीन आठवडे राहिले की कोणाला तरी आठवतं, चला रंग काढून घेऊ. अशाच एका ठिकाणी मेणबत्त्यांच्या स्टँडमागची भिंत वर्षानुवर्षांच्या काजळीने काळी झालेली, पेंटरने ओल्या फडक्याने पुसली आणि वर इमल्शन मारलं. तिसऱ्या दिवशी तपकिरी ढग वर आले. आणखी एक हात मारला, परत ढग. मग आणखी एक. काजळी तेलकट असते, पाण्यातल्या रंगातून ती फुटून वर येतेच, कितीही हात मारा. पण खरा घोटाळा खाली होता. जुन्या भिंतीवर डिस्टेंपरचे थरावर थर होते, भुकटी झालेले. इमल्शन वाळताना आक्रसतं, खालच्या थराला ओढतं, आणि खालचा थरच सैल असेल तर सगळंच सुटतं. नाताळच्या रात्री गाणी चालू असताना वर्तमानपत्राच्या पानाएवढा पापुद्रा सुटून बाजूच्या बाकावर पडला. कोणाला लागलं नाही, पण गाणारी मुलं थांबली ती थांबलीच. पुढे ती अख्खी भिंत गिलाव्यापर्यंत खरवडावी लागली, म्हणजे तीन आठवड्यांत उरकलेल्या कामाला नंतर तीन महिने गेले.

करायचं काय, तर भिंतीवर हात फिरवून बघा, तळव्याला पांढरं लागलं तर डिस्टेंपर किंवा चुना सुटतोय, तो धुऊन-खरवडून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. जुना रंग घट्ट आहे का बघायला ब्लेडने फुलीसारखे दोन काप द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा, पट्टीवर रंग आला तर नवा रंगही तसाच येणार. काजळी आधी कोरड्या रबरी स्पंजने टिपून घ्या, ओलं फडकं लावलं की ती भिंतीत जिरते. मग तेलकटपणा काढणाऱ्या साबणाने धुवा, खालून वर धुवत जा म्हणजे ओघळांचे डाग बसत नाहीत, आणि उरलेल्या डागांपुरताच डाग अडवणारा प्रायमर लावा.

ओल हा याच चुकीचा भाऊ. खालच्या मीटरभर भागात पांढरी खार फुटलीये, पोपडे आलेत, तर तिथे रंग हा उपायच नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून भिंतीला २४ तास लावून ठेवा. आतून भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे, तिथे खिडक्या उघडायची सवय लागायला हवी. पाणी भिंतीतून येत असेल तर आधी पन्हळ, गटार, बाहेरची साचलेली माती बघा. आणि जुनी चुन्याची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकसारखा बंद रंग अजिबात नको. चुन्याची भिंत श्वास घेते, आतलं पाणी बाहेर सोडते, तिला कोंडलं की ते पाणी क्षार घेऊन दुसरीकडून फुटतं. तिथे चुन्याचाच हात द्या किंवा वाफ बाहेर जाऊ देणारा खनिज रंग. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर निदान २८ दिवस थांबा, आणि चुन्याला त्याहून जास्त वेळ द्या. "लवकर वाळणारं काहीतरी टाकू" असं कोणी म्हटलं की मी तिथून उठतो.

आता बाकीच्या, पटापट.

जुने थर न बघता सगळं खरवडून टाकू नका. आधी एका कोपऱ्यात हातभर पट्टी एकेक थर काढत उघडा, पूर्वी काय रंग होते ते पायऱ्यांसारखं दिसतं, कधी कधी कमानीवरची जुनी नक्षी सापडते. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलमध्ये २००९ च्या सुमारास आतली सफाई सुरू झाली तेव्हा काजळीखाली १३व्या शतकातला फिकट पिवळसर रंग आणि त्यावर आखलेल्या दगडांच्या सांध्यांच्या पांढऱ्या रेघा निघाल्या. काळोख हीच त्या जागेची ओळख असं मानणारे खूप लोक त्यावर चिडले, पण निदान निर्णय घेताना खाली काय आहे ते माहीत तरी होतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, तपासून घ्या आणि धूळ उडू देऊ नका.

मूर्ती आणि कोरीव लाकूड पेंटरच्या हाती देऊ नका, "उरलेल्या रंगात मारून देतो" म्हणाला तरी. स्पेनमध्ये एस्तेया गावच्या चर्चमध्ये १६व्या शतकातली सेंट जॉर्जची लाकडी मूर्ती २०१८ मध्ये भडक रंगवली गेली. नंतर तज्ज्ञांनी तो रंग काढला, पण मूळ रंगाचा बराच भाग कायमचा गेला.

छताला आवाज शोषणाऱ्या छिद्रांच्या टाइल्स असतील तर त्यांवर जाड रंग मारू नका, छिद्रं बुजली की आवाज घुमतो आणि प्रवचनातला शब्दन्‌शब्द एकमेकांत मिसळतो. रंग चांगला दिसतो म्हणून हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्या मंडळ्या उपासनेचे रंग पाळतात, म्हणजे काळ आणि सणाप्रमाणे वेदीची वस्त्रं बदलतात, त्यांनी हे विसरू नये की वर्षभरात हिरवा, जांभळा, पांढरा आणि लाल असे चारही रंग त्या भिंतीपुढे येणार आहेत. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, जांभळ्याशी छान दिसणारी निळी-राखाडी भिंत पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या, लालाशी भांडते. नमुन्याच्या फळीपुढे चारही वस्त्रं धरून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

चकचकीत रंग खालपासून वरपर्यंत नको, बाजूच्या खिडकीतून ऊन आलं की गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दिसतो. वर मॅट, आणि बाकांच्या बाजूला जिथे लोक डोकं टेकतात तिथे खांद्याच्या वरपर्यंत पुसता येईल असा सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेला रंग. ते तेलाचे गोल डाग मॅटवरून निघत नाहीत.

वीस जणांत मतदान घेऊन रंग निवडू नका, कोणालाच नको असलेला बेज येतो. तिघांनी तीन फळ्यांपर्यंत आणावं, मग सगळ्यांना दाखवावं.

ऑर्गन असेल तर परांची लागायच्या आधी ऑर्गनवाल्यालाच बोलवून झाकून घ्या, पाइपात धूळ गेली की सूर बिघडतो. शेडचा कोड, बॅच नंबर आणि कुठल्या भिंतीला काय लावलं हे लिहून ठेवा, आणि काम सुरू करताना एका शेडचे सगळे डबे मोठ्या पिंपात एकत्र करून घ्या, नाहीतर भिंतीच्या मधोमध बॅच बदललेली दिसते.

आणि काम झाल्यावर लगेच बाक भिंतीला सरकवू नका. हाताला रंग तासाभरात वाळलेला वाटतो, पण आतून पक्का व्हायला काही आठवडे लागतात. तोवर बाक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि सजावटीची कुठलीही चिकटपट्टी नव्या भिंतीला लावू देऊ नका.