वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरतच राहतंय? बोर्ड बदलण्याआधी या चुका टाळा

मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. "अगं, मशीनमध्ये पाणी भरतच चाललंय. बटण बंद केलं, तरी येतंय!"

"मावशी, आधी मागचा नळ बंद कर. मग कोरड्या हाताने प्लग काढ."

दोन्ही झालं. मग तिला नळ पुन्हा जरासा उघडायला सांगितला. प्लग बाहेर होता, तरी आत पाणी पडल्याचा आवाज मला फोनवरही आला. दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने मशीन न उघडताच "बोर्ड गेलाय" म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला. मावशी द्यायलाही तयार झाली होती. पण बोर्डाचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा, इथे संबंधच नव्हता, आणि ते आदल्या रात्रीच कळलं होतं.

पाणी आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह वीज मिळाली तरच उघडतो. वीज गेली की आतली स्प्रिंग त्याला बंद करते. त्यामुळे प्लग काढूनही पाणी येत असेल, तर व्हॉल्व्ह अडकलाय. प्लग काढताच पाणी थांबत असेल, तर व्हॉल्व्ह धड आहे आणि मशीनच पाणी मागतंय. या एका तपासणीला दोन मिनिटं लागतात. ती केल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. फक्त फरशीवर पाणी साचलं असेल तर प्लगला हात लावू नका, आधी वीज तोडणारा स्विच (एमसीबी) पाडा.

जाळी काढून टाकू नका

मावशीकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. मे महिन्यात मशीन भरायला फार वेळ लागायला लागला, म्हणून प्लंबरने पाइप जोडतो तिथली बारीक जाळी काढून टाकली. पाणी जोरात यायला लागलं आणि सगळे खूश झाले. पण ती जाळी गाळ अडवायलाच बसवलेली असते. आम्ही व्हॉल्व्ह काढून बघितला तेव्हा आतल्या रबरी पडद्याच्या कडेला रव्याएवढा वाळूचा कण रुतला होता. तेवढ्यानेच पडदा नीट टेकत नव्हता. नवा व्हॉल्व्ह काही शे रुपयांत आला.

जाळी तुंबली तर साफ करा. नळ बंद करून पाइप सोडवा, पक्कडीने जाळी हलकेच ओढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. परत बसवताना पाइपातला रबरी वॉशर जागेवर आहे ना, तेही बघा.

अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हॉल्व्हचा पडदा घट्ट बसायला पाण्याचाच दाब लागतो. टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनपेक्षा १ मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.१ बार. गच्चीवरची टाकी डोक्यावरच असली की दाब अपुरा पडतो आणि व्हॉल्व्ह चांगला असूनही झिरपतो. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो, तो बघा. कमी पडत असेल तर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो.

अंदाजाने पावडर ओतू नका

प्लग काढल्यावर पाणी थांबलं असेल, तर मशीनला आपण किती भरलोय तेच कळत नाहीये. टबच्या तळापासून एक बारीक नळी वरच्या प्रेशर सेन्सरकडे जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्यावरून सेन्सर पातळी ओळखतो. १० सेंटिमीटर पाण्याचा दाब साधारण १,००० पास्कल, म्हणजे अगदी नाजूक मामला. जास्तीच्या पावडरीचा चिकट साका नळीच्या तोंडाशी बसला, किंवा नळीला बारीकशी चीर गेली, की सेन्सरला टब रिकामाच वाटतो. हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये घातली तर फेसही खूप होतो आणि साकाही.

नळी साफ करताना ती सेन्सरला जोडलेली असताना फुंकू नका, सेन्सर निकामी होईल. आधी प्लग काढा, टब पूर्ण रिकामा करा, नळी सेन्सरच्या बाजूने सोडवा आणि मग हळू फुंका. टबमध्ये पाणी असताना नळी परत जोडली तर मोजमापच चुकतं.

ड्रेन पाइप कुठेही टाकू नका

पाणी सतत येतंय पण पातळी वाढतच नाही? भरत असताना ड्रेन पाइपच्या तोंडाशी कान द्या. फ्रंट लोडचा पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवायचा असतो. तो जमिनीवर सोडला किंवा नहाणी ट्रॅपमध्ये खोल खुपसला, तर आलेलं पाणी आपोआप ओढलं जातं आणि मशीन बिचारं भरतच राहतं. बऱ्याच टॉप लोडमध्ये याच्या उलट असतं. पाणी उताराने जातं, म्हणून पाइप खालीच हवा. तिथे पाणी वाहत असेल तर ड्रेन व्हॉल्व्हमध्ये नाणं, हेअरपिन किंवा दोऱ्यांचा गुंता अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

स्क्रीनवरचा कोड मोबाइलवर टिपून ठेवा. एलजीच्या मशीनमध्ये 'एफई' म्हणजे पाणी जास्त भरलं आणि 'पीई' म्हणजे सेन्सरचा बिघाड. दुसऱ्या कंपनीत त्याच अक्षरांचा अर्थ वेगळा असू शकतो.

काठोकाठ भरलेल्या फ्रंट लोडचं दार ओढू नका. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, मग खालच्या कोपऱ्यातली झडप उघडून तिथल्या छोट्या नळीने परातीत पाणी काढा.

नळी, पाइप आणि ड्रेन व्हॉल्व्ह सगळं ठीक असेल, तेव्हाच बोर्डाकडे वळा. बोर्डावरचा स्विच जळून चिकटला तर व्हॉल्व्हला वीज मिळतच राहते, पण ते मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा.

मावशीकडे नवा व्हॉल्व्ह आणि जाळी बसवल्यावर आम्ही मशीन रिकामं केलं, प्लग काढला आणि नळ पूर्ण उघडा ठेवला. चार तासांनी ड्रमच्या भोकांमधून टॉर्च मारून बघितलं. थेंबभरही पाणी वाढलं नव्हतं. मावशी आता कपडे वाळत घालायला जायच्या आधी नळ बंद करते.