पर्वतीआधी खुर्ची

व्यायाम सुरू करायचा म्हटलं की आपण पुणेकर थेट पर्वतीच्या 103 पायऱ्या गाठतो आणि दुसऱ्या दिवशी घरचा जिना कठडा धरून उतरतो. त्यापेक्षा पहिले दोन-तीन आठवडे घरीच, आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान एक दिवस सोडून ताकदीचा व्यायाम करा. साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर, पावलांत खांद्याइतकं अंतर. मनात तीनपर्यंत मोजत सावकाश बसा, मग उठा. धपकन बसलात तर ती उठाबशी मोजायची नाही! असं 8-10 वेळा, जरा थांबून पुन्हा तेवढंच. मग भिंतीला हात टेकून जोर. श्वास रोखू नका.

थंड अंगाला ओढाताण नको. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चाला, हात-खांदे फिरवा. पोटऱ्या-मांड्या ताणायच्या त्या शेवटी, 20-30 सेकंद, हिसके न देता. नंतर दोन दिवस स्नायू ठणकले तर चालतं; सांध्यात कळ आली तर थांबा, आणि गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दहा उठाबशा सहज जमल्या की खुशाल पर्वती चढा. उतरताना मात्र सावकाश, मांड्या खऱ्या दुखतात त्या उतरण्यानेच.